आधी चुंबक, मग घासणी

जुन्या ड्रमचा गंज काढून द्या म्हणून कोणी आलं, की मी आधी चुंबक काढतो. यामागे एका मित्राचा स्नेअर आहे. १९६० च्या दशकातला लडविग सुप्राफॉनिक. मुंबईच्या खाऱ्या हवेत कड्यांवर तांबेरा चढला होता. त्याने सगळे सुटे भाग एका कारागिराकडे दिले आणि कारागिराने ते सरसकट बाथरूमच्या ॲसिडमध्ये बुडवले. लोखंडी कड्या चकाकल्या खऱ्या, पण संध्याकाळपर्यंत पुन्हा लालसर झाल्या, कारण हे ॲसिड गंजाबरोबर क्रोमही खातं. लगांची, म्हणजे कड्या आवळणारे रॉड ज्यांत शिरतात त्या भागांची, तर रयाच गेली. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. फेस आला, मुलामा सुटला आणि खाली काळपट, खडबडीत धातू उरला.

क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात मोजावा लागतो, खाली निकेल असतं. गंज बारीक छिद्रांतून वर येतो. म्हणजे डाग गेला तरी खड्डा राहणारच, तो नाहीसा करून देतो म्हणणाऱ्यापासून ड्रम लांब ठेवा.

चुंबक चिकटलं तर खाली पोलाद. अशा क्रोमच्या कडीवर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. काळं पाणी सुटेल ते लगेच पुसा. भांडी घासायची तारेची घासणी मात्र स्वयंपाकघरातच राहू द्या. चुंबक चिकटलं नाही तर पितळ, जस्त किंवा ॲल्युमिनियम. तिथे साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं, बस्स. सुप्राफॉनिकच्या शेलवर पांढरे फोड दिसतात ते गंज नव्हेतच, क्रोमखालचं ॲल्युमिनियम फुललेलं असतं. घासाल तर पापुद्रे निघतील.

व्हिनेगर वापरायचंच तर मुलामा आधीच गेलेल्या पोलादी टेन्शन रॉडना. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, हेअर ड्रायरने वाळवा आणि तेव्हाच आट्यांना तेल द्या. उशीर केलात तर तासाभरात पुन्हा तांबूस. लगांच्या आतल्या स्प्रिंगा आम्लात कधीच नकोत, त्या ठिसूळ होऊन तुटतात. एका वेळी एकच लग उघडा. नट, स्प्रिंग, वॉशर यांची अदलाबदल झाली की जुळवताना जीव मेटाकुटीला येतो (आणि वॉशर नेमका कपाटाखाली जातो).

कड्यांना शेवटी गाडीच्या मेणाचा पातळ हात द्या. पावसाळ्यात ओलसर पेटीत ड्रम कोंडू नका.

एखादा रॉड फारच खाल्लेला असेल तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊ नका. अमेरिकी ड्रमचे आटे १२-२४ मापाचे असतात. आपल्याकडचा एम-५ त्यात सैल पडतो, एम-६ शिरत नाही, आणि जबरदस्तीने पिळलात तर रॉडबरोबर नटही बदलावा लागतो.