गार्डाचा डबा नसलेली गाडी

इतिहासाचे विद्यार्थी दामोदर धर्मानंद कोसंबी यांना ओळखतात ते प्राचीन भारताचे अभ्यासक म्हणून. परंतु पेशाने ते गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना १९४३ साली त्यांनी फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. सतत बदलणाऱ्या राशीचे वर्णन करावयास अनंत घटक लागतात. पण त्यांची वजने, म्हणजेच आयगेन मूल्ये, शून्याकडे उतरत जातात. म्हणून पहिले काही घटक ठेवून बाकीचे सोडले तरी भागते.

सर्वच अनंत कारक इतके सालस नसतात. पुढे कोसंबी डेक्कन क्वीनने मुंबईस जात, त्या आपल्या चिंचवडच्या रुळांवर एक मालगाडी कल्पावी : डबे सुरू होतात, पण गार्डाचा डबा कधीच येत नाही. प्रत्येक डब्यावर एक संख्या आहे. कारक ती पुसून तेथे शेजारच्या डब्यांवरील संख्यांची बेरीज लिहितो. सर्व संख्या एकाच पटीने बदलल्या, तर ती पट म्हणजे आयगेन मूल्य.

शून्य हे असे मूल्य आहे काय? गाडी तीन डब्यांवर तोडली तर आहे. १, ०, −१ लिहून पाहावे. दोन डब्यांवर तोडली तर नाही. विषम डब्यांना ‘होय’, सम डब्यांना ‘नाही’. दहा लाख डबे घेतले तरी हा खेळ थांबत नाही. अखंड गाडीला मात्र एकही आयगेन मूल्य नाही. १, ०, −१, ०, १... यांच्या वर्गांची बेरीज अनंत होते, म्हणून ती मांडणी बाद. संगणकाला याचे काय! जितके डबे द्यावेत तितकी मूल्ये तो बिनदिक्कत छापतो.

तेव्हा प्रश्नच बदलावा लागतो. पहिल्या डब्याचे वजन −२ ते २ या पट्ट्यात कोठे किती दाट पसरले आहे, हे विचारावयाचे. हेच वर्णपटीय माप. येथे शून्यापाशी खरी घनता १ भागिले पाय, म्हणजे ०.३१८ आहे. ती काढण्यासाठी ‘ल’ ही लहान संख्या घेऊन, कारकातून ल गुणिले √−१ वजा करून समीकरणे सोडवितात. उजव्या बाजूस पहिल्या डब्यावर १, बाकी शून्य. उत्तरातील पहिल्या संख्येचा काल्पनिक भाग भागिले पाय, हा घनतेचा अंदाज. अखंड गाडीसाठी ल = १ घेता ०.१९७ येतात, ०.१ घेता ०.३०३, ०.०१ घेता ०.३१७.

पण ल = ०.०१ ठेवून गाडी तीन डब्यांवर तोडली तर १५.९ येतात, दोन डब्यांवर तोडली तर ०.००३! ‘ल’ जसजसा लहान, तसतसे डबे अधिक घ्यावेच लागतात. कोलब्रुक, हॉर्निंग आणि टाउनसेंड यांनी २०२१ साली यावर सुधारणा मांडली : एकाऐवजी अनेक संमिश्र बिंदूंवरील उत्तरे योग्य प्रमाणात मिसळली, की ‘ल’ फारसा लहान न करताही चूक वेगाने घटते, आणि डबेही कमी लागतात.