पॅनोरमावर तो नुसतं हो म्हणाला

आमच्या कळंबच्या अंगणात उभं राहून मावळतीकडे पाहिलं की माथेरान दिसतं. नेरळच्या पाठीमागे लांबच लांब पसरलेलं, वरून सपाट. पावसाळ्याचे चार महिने ते ढगांतच असतं. 'माथेरानावर अंधारून आलंय' असं कुणी म्हटलं की बायका धावत वाळवणं आत घेतात. आमच्या गावाला ते थंड हवेचं ठिकाण म्हणून ठाऊक असतं ते नंतर. आधी ती पावसाची दिशा असते.

शनिवारी सकाळी नेरळ स्टेशनवर उतरणारी कुटुंबं मी गेली कित्येक वर्षं पाहते आहे. आईच्या खांद्याला तीन पिशव्या, बाबांच्या कानाला फोन, आणि मधे एक मूल, ज्याला सगळे 'चल चल' म्हणताहेत. त्या आईचा हात धरून तिला घटकाभर बाकावर बसवावं असं मला फार वाटतं. ते जमत नाही, म्हणून आज इथे बोलते. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पण हे बाईंचे बोल समजू नका. एक आई तिची चूक तुमच्यापुढे ठेवते आहे, एवढंच समजा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. थोरला चौथीत होता, धाकटी पाच वर्षांची. जन्म सगळा माथेरानकडे बघत गेला आणि मुलांना एकदाही वर नेलं नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्रींची सोय केली. थोरल्याची सहामाही वाईट गेली होती. गणितात उदाहरणंच्या उदाहरणं चुकलेली, आणि शेजारच्या मुलाच्या वहीत बघतो अशी त्याच्या वर्गशिक्षिकेची तक्रार. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे मला ते जास्तच झोंबलं होतं. निघताना मी त्याला म्हटलंसुद्धा, ''हे मार्क बघून खरं तर तुला न्यायलाच नको होतं.'' सुट्टीला निघालेल्या मुलाच्या पाठीवर हे ओझं ठेवून आम्ही नेरळला मिनी ट्रेनमध्ये बसलो.

गाडी मात्र मुलांना जीव लावणारी आहे. दोन फुटांचा रूळ, सुमारे 21 किलोमीटरची वाट, आणि ती जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत दोन-अडीच तास वळणं घेत चढते. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती उभी केली आणि 22 मार्च 1907 ला ती सुरू झाली. त्याआधी 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि साहेब लोकांना माथेरान सापडलं, असं पुस्तकात असतं. डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या ठाकर, कातकरी, धनगर वाड्यांना ते कधी हरवलंच नव्हतं, हेही मुलांना सांगा. आमच्या यांनी डब्यात हे सगळं सांगितलं. थोरला खिडकीशी बसून अगदी जवळून जाणाऱ्या दगडांच्या भिंतीकडे बघत होता. आम्ही म्हणत होतो, ''अरे, लांब बघ, दरी बघ!''

यांनी एका कागदावर पॉइंट लिहून आणले होते. पहिल्या दिवशी दुपारी एको, लुईझा, शार्लोट तलाव. दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा. मग अलेक्झांडर, रामबाग, वन ट्री हिल. पाहून झालं की टिकमार्क. माथेरानात मोटार नाही, दस्तुरी नाक्याच्या पुढे तेव्हा रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर वाहन जात नसे, हे आम्हाला माहीत होतं. पण वाहन नाही म्हणजे घाई नाही, हे आमच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आम्ही पायांनी घाई करत होतो.

पहिल्याच दुपारी धाकटी रडायला लागली. तिला घेऊन मी हातरिक्षात बसले. पुढे एक जण ओढणारा, मागे दोघं ढकलणारे, चढाची लाल मातीची वाट. थोरला शेजारून चालत होता. थोड्या वेळाने म्हणाला, ''आई, काकांना दम लागलाय. चढापुरती तू उतरत का नाहीस?'' मी डोळे मोठे केले. चारचौघांत असं बोलायचं नसतं, असा त्याचा अर्थ. तो गप्प झाला. 2022 च्या डिसेंबरात माथेरानात ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांना पर्याय द्या, असा आदेश दिला. ती बातमी वाचताना मला माझ्या मुलाचा तो प्रश्न आठवला. देशाच्या न्यायालयाने जे नंतर विचारलं ते नऊ वर्षांच्या पोराने मला आधी विचारलं होतं, आणि मी त्याला डोळ्यांनी दटावलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे घोडे करून पॅनोरमा पॉइंटला गेलो. दिवाळीतली हवा, पाऊस नुकताच ओसरलेला, सगळं धुऊन ठेवल्यासारखं. सूर्य वर आला तशी खालची भाताची खाचरं पिवळी होत गेली. हे त्याच्या खांद्यावर हात ठेवून दाखवत होते. ''ते नेरळ. ती उल्हास नदी. ती बघ लोकल, सुरवंटासारखी चाललीय. आणि त्या तिकडे, त्या झाडांच्या पलीकडे, आपलं कळंब. दिसलं?'' तो म्हणाला, हो. ''लोकल दिसली?'' हो. ''नदी?'' हो. मी फोटो काढला. तो फोटो अजून घरात आहे. त्यात त्याने डोळे बारीक केले आहेत. आम्ही समजलो, ऊन डोळ्यांवर येतंय. ऊन बाजूने येत होतं हे त्या फोटोतच दिसतं, पण ते मला फार उशिरा दिसलं.

त्यानंतर आमचा बेत मोडला. दिवाळीची गर्दी, परतीला घोड्यांचा भाव अवाच्या सवा, म्हणून आम्ही चालत निघालो. हे नि धाकटी पुढे, मी मधे, आणि थोरला मागे, खाली मान घालून. वाटेत बसायचा, मुंग्यांची रांग बघायचा, हिरड्याचं फळ उचलून डोळ्यांशी नेऊन फिरवायचा. जांभ्या दगडाच्या भोकांत काय आहे ते बघायचा. मी तीनदा ओरडले, ''पाय उचल!''

समोरून एक वयस्क घोडेवाला रिकामं घोडं घेऊन येत होता. तो थांबला. म्हणाला, ''बाई, ओरडू नका. पोरगं हळू चालत नाही, जपून चालतंय. घोडं असं चालायला लागलं की आम्ही आधी डोळे बघतो.''

एवढं बोलून तो गेला. मी तिथेच कट्ट्यावर बसले. यांना हाक मारली. काय विचारावं ते कळेना, म्हणून कुणीच काही विचारलं नाही. नुसते बसलो, धाकटी लाडू खात होती. मग हे त्याला भाई कोतवालांची गोष्ट सांगू लागले. विठ्ठलराव कोतवाल इथलेच, माथेरानात जन्मले, 1 डिसेंबर 1912 ला. वकील झाले, पायथ्याच्या गावांत मुलांसाठी शाळा काढल्या, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी उभारली, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता काढून विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या रानात गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आमच्या कळंबच्या एका अंगाला त्यांचं जन्मगाव, दुसऱ्या अंगाला, वर मुरबाडच्या बाजूला, तो सिद्धगड. ''तो बघ,'' हे झाडीतल्या फटीतून बोट दाखवत म्हणाले, ''त्या रांगेत तो उंच सुळका. तिथे.''

थोरला बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, ''बाबा, मला नाही दिसत.''

''आणि सकाळची लोकल?''

''नव्हती दिसली. तुमच्या बोटाच्या पुढे सगळं निळं होतं.''

''मग हो का म्हणालास?''

त्याचं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. ''मला वाटलं तुम्हालापण निळंच दिसतं. तुम्हाला कुठे काय आहे ते पाठ आहे, म्हणून सांगताय.''

पालकहो, मूल खोटं बोलत नव्हतं. ज्याला जन्मापासून जग धूसर दिसतं त्याला जग धूसरच आहे असं वाटतं. फळ्यावरचा आकडा दिसत नाही असं ते सांगत नाही, कारण तो कुणालाही दिसत नसणार अशी त्याची समजूत असते. म्हणून ते शेजारच्याच्या वहीत बघतं. आम्ही त्याला कॉपी म्हटलं. मी वर्गात अशी किती मुलं मागच्या बाकावर बसवली असतील, हा विचार आला की अजूनही जेवण गोड लागत नाही.

तुम्हाला काही खुणा सांगते. मूल डोळे बारीक करून बघतं का, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतं का, पुस्तक नाकाला लावतं का, चेंडू जवळ आल्यावरच हात पुढे करतं का, संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतं का. शाळेत घालण्याआधी एकदा आणि पुढे दरवर्षी डोळे तपासून घ्या. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात; ती येतील त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि त्याला उन्हापावसात खेळू द्या. दिवसाउजेडी बाहेर राहणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात होतो, हे आता पक्कं झालेलं आहे. तैवानमध्ये 2010 पासून शाळाच मुलांना रोज दोन तास उघड्यावर ठेवायचा प्रयत्न करतात. आपल्याकडे अंगण होतं तेव्हा हे सांगायला सरकार लागत नव्हतं.

पण मला डोळ्यांहून मोठं काही सांगायचं आहे. तो कट्टा नसता तर हे मला कळलंच नसतं. घरी तो माझ्यासमोर रोज बसत होता, पण तेव्हा मी एकतर स्वयंपाकात असे नाहीतर त्याच्या वहीत. मुलं समोरासमोर बसवून विचारलं की बोलत नाहीत, निदान माझी नव्हती बोलत. ती बोलतात शेजारी चालताना, रस्त्याकडे बघत, हातात काटकी घेऊन, आणि तेही पहिल्या तासात नाही. पहिला तास तहान, भूक, पाय दुखतात, माकडाने बिस्किटं पळवली, यात जातो. मोलाचं बोलणं त्यानंतर येतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याला पुढचा पॉइंट दिसत असतो.

म्हणून एवढं करा. एका दिवसाऐवजी दोन रात्री राहा. दोन नाही जमलं तर दुसरीकडे कुठेही न जाता एकाच वाटेवर दोनदा जा. बाजारातून पॅनोरमाकडे झाडीतून जाणारी वाट पायी चाला, मुलाच्या चालीने, आणि पोहोचला नाहीत तरी चालेल. लहानग्याला घोड्यावर बसवायचंच असेल तर बाजूने आपण चाला. ओझी वाहणाऱ्या मावशीला, घोडेवाल्या काकांना मुलाच्या देखत त्यांचं गाव विचारा.

अलीकडे आमच्या कळंब, कशेळे पट्ट्यातही फार्महाऊस झाली आहेत. तिथे आई-बाबा पोहण्याच्या टाकीशी, मुलं खोलीत फोनवर, आणि रात्री इतका आवाज की कुणाला कुणाचं ऐकू यायला नको. त्यांना मी नावं ठेवत नाही. आठवडाभर लोकलला लोंबकळलेलं माणूस दमलेलं असतं. पण पावसाळ्याबद्दल हात जोडून सांगते. कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांत आणि धरणांत दर पावसाळ्यात कुणाचं तरी मूल जातं. खाली ऊन असतं आणि वर डोंगरात सर पडून गेलेली असते. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहून येऊ लागल्या की लोंढा यायला वेळ लागत नाही. प्रशासन बंदीचे आदेश काढतं तेव्हा पोलिसाशी वाद घालू नका. मुलगा 'मला भीती वाटते' म्हणाला तर 'काय बायकांसारखा घाबरतोस' म्हणू नका. त्याला कदाचित तुमच्याआधी काहीतरी जाणवलेलं असेल.

त्या प्रवासाचं राहिलेलं सांगते. आमचा कागद तसाच राहिला, निम्म्या टिकमार्कांचा. परत आल्यावर दोन दिवसांत आम्ही त्याला कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांना अडीचचा नंबर निघाला. चष्मा तयार व्हायला आठवडा गेला. तो घालून लोकलने नेरळला उतरलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. कळंबच्या रिक्षेत बसलो. रिक्षा फाटक ओलांडून पूर्वेकडे लागली तसा तो सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघायला लागला. मी म्हणणार होते, नीट बस. पण या वेळी बोलले नाही.

''आई,'' तो म्हणाला, ''माथेरानला आडव्या रेघा आहेत.''

मी वळून बघितलं. कड्याच्या काळ्या दगडावर एकावर एक थर, संध्याकाळच्या उजेडात अगदी स्पष्ट. चाळीस वर्षं मी तो डोंगर रोज बघत होते. मी रेघा मोजल्या नव्हत्या. त्याने मोजायला सुरुवात केली, आणि वळणावर डोंगर झाडीआड गेला तेव्हा तो पाचवर आला होता.