आरमाराचा डोळा : लव्हासर पी. एल. ४

१. उंची आणि क्षितिज

समुद्रावर शत्रूची नौका किती अंतरावरून दिसेल, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीपेक्षाही पृथ्वीच्या गोलाईवर अधिक अवलंबून असते. पाण्यापासून ३० मीटर उंच डोलकाठीवर उभ्या असलेल्या नाविकाचे क्षितिज सुमारे २० किलोमीटर दूर असते. तोच नाविक विमानातून १००० मीटर उंचीवर गेला, तर हवा स्वच्छ असताना त्याचे क्षितिज सुमारे ११३ किलोमीटर दूर जाते. क्षितिजाचे अंतर उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून उंची जितक्या पटीने वाढावी, तितक्याच पटीने दृष्टीच्या टप्प्यातील समुद्र वाढतो. वरील उदाहरणात तो सुमारे ३३ पट होतो.

पहिल्या महायुद्धानंतर सर्व मोठ्या नौदलांनी विमानाकडे आरमाराचा डोळा म्हणून पाहिले, त्याचे कारण या साध्या भूमितीत आहे. फ्रान्सने या कामासाठी तयार करविलेल्या एका द्विपंखी विमानाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

२. बेआर्न नौका

फ्रान्सची पहिली विमानवाहू नौका 'बेआर्न' ही मुळात विमानांसाठी बांधलेली नव्हती. १९१४ मध्ये युद्धनौका म्हणून तिचे बांधकाम सुरू झाले, ते महायुद्धामुळे थांबले, आणि १९२० मध्ये तिचे अपुरे शरीर पाण्यात सोडण्यात आले. त्याच वर्षी तुलाँ येथे तिच्यावर तात्पुरता सपाट मंच उभारण्यात आला व पॉल तेस्त या नौदल अधिकाऱ्याने त्यावर विमान उतरवून दाखविले. पुढे तिचे रूपांतर पूर्ण होऊन १९२७ मध्ये ती विमानवाहू नौका म्हणून सेवेत दाखल झाली.

तिचे उड्डाणपृष्ठ सुमारे १८० मीटर लांब होते. एवढ्या अपुऱ्या जागेत विमान कसे उतरत असे? समजा, विमान ताशी ९० किलोमीटर वेगाने हवेतून खाली येत आहे. नौका वाऱ्याच्या दिशेस तोंड करून ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर आहे. अशा वेळी उड्डाणपृष्ठाच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी केवळ ३० किलोमीटर उरतो. वेग एक-तृतीयांश झाला की थांबविण्याची गतिज ऊर्जा एक-नवमांश होते. मात्र त्यासाठी विमानास कमी वेगातही हवेत टिकता आले पाहिजे. एकावर एक असे दोन पंख बसविल्याने पंखांची रुंदी फार न वाढविता त्यांचे क्षेत्रफळ वाढते. त्या काळी नौकेवरील विमाने बहुधा द्विपंखी असत, याचे एक मुख्य कारण हेच होय.

३. धड विमानाचे, तळ नावेचा

'लव्हासर पी. एल. ४' हे विमान प्येर लव्हासर यांच्या कारखान्यात तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण १९२६ मध्ये झाले आणि १९२८ पासून ते बेआर्नवर काम करू लागले. त्यात एकामागे एक अशा तीन उघड्या बैठका होत्या व तीन माणसे त्यांतून प्रवास करीत. चार-चार सिलिंडरांच्या तीन रांगा असलेले ४५० अश्वशक्तीचे लॉरेन एंजिन त्यास बसविलेले होते.

एंजिन एकच, आणि खाली सर्वत्र पाणी. त्या काळातील एंजिने वाटेत बंद पडणे ही अपूर्व गोष्ट नव्हती. म्हणून रचनाकारांनी पाण्यावर उतरण्याचा प्रसंग येईल असे गृहीत धरूनच विमान रचले. त्यांनी तीन योजना केल्या.

पहिली योजना चाकांविषयीची. चाके बाहेर असलेले विमान पाण्यावर उतरले की पाणी प्रथम चाकांना अडविते. वरचा भार पुढेच जात राहतो आणि विमान नाकावर उलटण्याचा संभव असतो. म्हणून वैमानिकास चाकांचा सांगाडा हवेतच सोडून देता येईल, अशी सोय केली होती.

दुसरी योजना धडाची. धडाचा खालचा भाग नावेच्या आकाराचा व पाणी आत न शिरणारा होता. आर्किमिडीजच्या सिद्धान्तानुसार तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते. सुमारे २८०० किलोग्रॅम वजनाच्या या विमानास तरंगण्यासाठी पावणेतीन घनमीटर समुद्रजल बाजूस सारावे लागे.

तिसरी योजना तोलाची. अरुंद नाव एका कुशीवर सहज कलते. खालच्या पंखाखाली दोन्ही बाजूंस लहान तरंडे बसविले होते. विमान ज्या बाजूस कलेल त्या बाजूचा तरंडा पाण्यात दाबला जाई व त्यास पुन्हा सरळ करी.

तथापि प्रत्येक सोयीचे मोल द्यावे लागते. नावेचा तळ व तरंडे यांचे वजन प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागे. शिवाय चाके एकदा सोडली की नौकेवर परत उतरण्याचा मार्ग बंद होई. एंजिन पुन्हा चालू होईल की नाही, हे वैमानिकाने अल्पावधीत ठरवावयाचे आणि तो निर्णय मागे घेता येत नसे.

४. 'पांढरा पक्षी'

याच विमानापासून 'पी. एल. ८' हे दूर पल्ल्याचे विमान तयार करण्यात आले. 'ल्वाझो ब्लाँ', म्हणजे 'पांढरा पक्षी', असे त्याचे नाव होते. ८ मे १९२७ रोजी पहाटे शार्ल नंजेसेर व फ्रांस्वा कोली हे त्यातून पॅरिसजवळील ल बुर्जे विमानतळावरून न्यूयॉर्ककडे निघाले. विमानात सुमारे ४००० लिटर पेट्रोल होते. वजन कमी करण्यासाठी त्यांनी उड्डाणानंतर थोड्याच वेळात चाके सोडून दिली. न्यूयॉर्कला पाण्यावरच उतरावयाचे असे ठरले होते. एत्रताजवळ फ्रान्सचा किनारा ओलांडून विमान पुढे गेले, आणि ते दोघे वीर पुन्हा कधीच परत आले नाहीत. त्यांनी मागे टाकलेला चाकांचा सांगाडा ल बुर्जे येथील संग्रहालयात जतन केलेला आहे.

एकाच प्रकारच्या रचनेचा हा दुसरा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. नावेचा तळ माणसास वाचवीत नाही. तो त्यास वेळ मिळवून देतो. आरमार जवळ असेल, समुद्र शांत असेल, तर त्या वेळात मदत पोहोचते. एकाकी महासागरावर तो वेळ मिळाला, तरी त्याचा उपयोग करावयास जवळ कोणी नसते. यंत्राची सुरक्षितता ही केवळ यंत्रात नसते. शोध घेणारी माणसे व नौका हाही तिचाच भाग होय.

५. पुढील काळ

१९२९ मध्ये ६०० अश्वशक्तीच्या एंजिनाचे 'पी. एल. १०' हे विमान तयार झाले व ते या विमानाच्या जागी आले. कालांतराने एंजिने अधिक भरवशाची झाली, द्विपंखी विमाने मागे पडली आणि विमानांचा नावेसारखा तळही गेला. समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी रबरी होड्या व हेलिकॉप्टर आले. बेआर्न नौका १९६७ मध्ये मोडीत काढण्यात आली.

आपल्या देशाच्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवर १९६१ पासून 'आलिझे' ही फ्रेंच विमाने काम करू लागली. समुद्रावर टेहळणी करणे व पाणबुड्या शोधणे ही त्यांची कामे होती, आणि त्यांतही तीनच माणसे बसत. गोव्यात बोगमाळो येथील नौदलाच्या विमानसंग्रहालयात आलिझे विमान पाहावयास मिळते.

स्वाध्याय

१. २५० मीटर उंचीवरून दिसणारा समुद्र १००० मीटर उंचीवरून किती पट होईल? क्षितिजाचे अंतर किती पट होईल?
२. नौका वाऱ्याकडे पाठ करून चालली, तर विमान उतरविणे कठीण का होईल?
३. गोड्या पाण्याच्या सरोवरात हेच विमान समुद्रापेक्षा किंचित अधिक खोल बुडेल. कारण सांगा.