आमच्या घरची जमाखर्चाची वही : एक अभ्यास

उत्पन्नातून उपभोगखर्च वजा जाता जे उरते ती बचत, ही व्याख्या प्रथम वर्षाला आम्ही सर्वांनी पाठ केली आणि परीक्षेत लिहून तिचे गुणही मिळवले. केन्सच्या १९३६ सालच्या ग्रंथापासून ती पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली आहे. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी 'तुटपुंज्या मिळकतीतील कौटुंबिक बचत' हा विषय घेतला, तेव्हा प्रश्नावली घेऊन वीस-पंचवीस घरी हिंडावे असा माझा बेत होता. सरांनी प्रश्नावली चाळली आणि विचारले, "तुमच्या घरी हिशेब कोण लिहितं?"

"आई."

"मग आधी तिची वही वाच. दुसऱ्यांच्या घरी मग जा."

दुसऱ्यांच्या घरी जाण्याची वेळ आलीच नाही. त्या वहीतून जे हाती लागले तेच येथे मांडत आहे.

आम्ही सांगलीचे. वडील मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. आई घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. आजी, धाकटा भाऊ आणि मी धरून घरात पाच माणसे. आईच्या जुन्या वह्या ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेल्या. पाणी ओसरल्यावर घरात चिखल आणि डोक्यावर हातउसने अशी स्थिती असताना तिने पहिली जी वस्तू विकत आणली ती दोनशे पानी वही, असे आजी अजून सांगते. म्हणून माझा अभ्यास सप्टेंबर २०१९ पासून ऑगस्ट २०२४ पर्यंतच्या साठ महिन्यांचा आहे. मध्ये वह्या तीन बदलल्या, पण लिहिण्याची रीत बदलली नाही.

नमुन्यादाखल फेब्रुवारी २०२० चे पान घेते. वडिलांचा पगार १३,००० आणि फॉल-पिकोचे २,४००, एकूण जमा १५,४०० रुपये. खर्चाकडे किराणा ४,१५०, दूध १,३३४ (रोज एक लिटर, ४६ रुपये दराने; महिना २९ दिवसांचा होता), भाजी व फळे १,४५०, गॅस व वीज १,५००, घरभाडे ३,०००, आजीची औषधे ६२०, शिक्षण व प्रवास १,१५०, आणि 'इतर' ८९६. याखेरीज भिशी ५०० आणि पोस्टातली आर. डी. म्हणजे आवर्ती ठेव ५००. महिनाअखेर डब्यात राहिले ३००.

भिशी व आर. डी. वगळली तर प्रत्यक्ष खर्च १४,१०० रुपयांचा होतो आणि त्यात अन्नाचा वाटा सुमारे ४९ टक्के येतो. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या हिशेबांवरून दाखवले होते की, कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. आपल्याकडे २०२२-२३ च्या सरकारी उपभोगखर्च पाहणीत हा वाटा शहरी भागात ३९.१७ टक्के आणि ग्रामीण भागात ४६.३८ टक्के आढळला. म्हणजे आम्ही राहतो शहरात, पण आमचे ताट खेड्यातल्या सरासरीच्याही पलीकडचे. वर्गात एंगेलचा नियम शिकताना तो आपल्याच स्वयंपाकघराबद्दल बोलतो आहे असे काही मला वाटले नव्हते.

आता मुद्दा व्याख्येचा. पाठ्यपुस्तकात बचत शेवटी येते, वहीत ती पहिल्या ओळीवर आहे. पगार जमा लिहिला की त्याखाली लगेच आर. डी. ५००, भिशी ५००, आणि मग किराणा. साठ महिन्यांत हा क्रम फक्त एकदा मोडला आहे. एप्रिल व मे २०२० मध्ये टाळेबंदीमुळे पगार निम्मा झाला, साड्या येणे तर बंदच होते. एप्रिल, मे आणि जूनचे आर. डी.चे हप्ते चुकले. चार हप्ते चुकेपर्यंत पोस्टातले खाते चालू राहते हे आईला ठाऊक होते. जुलै-ऑगस्टमध्ये तिने ते भरून टाकले. मी तिला विचारले, "आधी पैसे बाजूला काढलेस आणि महिनाअखेर कमी पडले तर?" ती म्हणाली, "कमी पडायचेच आहेत गं. शेवटी काढायचे ठरवलं असतं तरी पडलेच असते."

खर्चाची ओढाताण कशी करायची हे मी येथे सांगत बसत नाही. दिवे मालवणे, साडीचे परकर शिवणे, उरल्या भाकरीचा कुस्करा हे सर्वांच्या घरी चालते. सांगण्यासारखी गोष्ट आहे ती भिशीची आणि धान्याची.

आमच्या गल्लीतील भिशीत बारा बायका आहेत. दरमहा प्रत्येकी ५०० रुपये जमतात आणि ६,००० रुपये एकीला मिळतात. भिशी दिवाळीनंतर, नोव्हेंबरपासून सुरू होते. नंबर चिठ्ठीने ठरतो, पण आई कुणाशी तरी बदलून दर वर्षी मार्चचा नंबर घेते. मार्चपर्यंत तिने भरलेले असतात पाच महिन्यांचे २,५०० रुपये आणि हाती येतात ६,०००. म्हणजे ३,५०० रुपये तिला बिनव्याजी कर्ज मिळाले, जे ती पुढील सात महिन्यांत फेडते. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये अशा फिरत्या निधींवर लेख लिहिला होता, आणि १९९३ मध्ये बेस्ली, कोट व लाउरी या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचे गणित मांडले. त्याचा साधा आशय असा की, एकट्याने साठवले तर बारावा महिना उजाडेपर्यंत कुणालाच वस्तू घेता येत नाही, पण एकत्र साठवले तर शेवटची सोडून प्रत्येकीला ती आधी मिळते. आमच्या भिशीतील बायकांना हे कोणी शिकवलेले नाही.

मार्चच कशाला? कारण त्या सुमारास नवी शाळू आणि नवा गहू बाजारात येतो. मार्च २०२० मध्ये आईने शाळूचा एक क्विंटल ३४ रुपये किलोने आणि गव्हाचा एक क्विंटल २६ रुपयांनी घेतला, मिळून बरोबर ६,००० रुपये. वाण्याकडे सुटे घेतले असते तर त्या वर्षाच्या तिच्याच नोंदींप्रमाणे शाळूला सरासरी ४० आणि गव्हाला ३० पडले असते. वर्षाकाठी वाचले १,००० रुपये. हेच दरमहा ५०० रुपये त्या वेळच्या आर. डी.च्या ७.२ टक्के दराने वर्षभर ठेवले असते तर व्याज सुमारे २३८ रुपये होते. भिशीला व्याज नाही म्हणून तिला अशास्त्रीय ठरवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. गरिबाला प्रत्येक वस्तू महाग पडते, कारण तो ती पावशेराने घेतो. पोत्याने घेण्याइतकी रक्कम एकदा हाती आली की पुढची काटकसर त्यातूनच निघते. अर्थात धान्याला ऊन देणे, पाखडणे, कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरणे यांची मजुरी वहीत कुठेच नाही. ती आई आणि आजीची.

येथे पिग्मीविषयी दोन शब्द. रोज दारी येऊन थोडे थोडे पैसे नेणाऱ्या या ठेवीची सुरुवात १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेच्या मूळ संस्थेने दक्षिण कॅनरात केली. रोजचे दोन आणे घेत. स्टुअर्ट रदरफोर्ड यांनी विजयवाड्याच्या झोपडपट्टीतील एक उदाहरण दिले आहे. तेथील बायका दारी येणाऱ्या बाईजवळ रोज पाच रुपये असे २२० वेळा भरत आणि १,१०० पैकी १,००० परत घेत. शंभर रुपये देऊन त्यांनी काय विकत घेतले? पैसा घरात हाताशी न राहण्याची सोय. आमच्या घरीही पुराच्या पूर्वी गावातील एका पतसंस्थेची पिग्मी होती. ती संस्था अडचणीत आली आणि आमचे ९,००० रुपये अडकले ते अडकलेच. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण पतसंस्थेतील ठेवीला तो लागू नाही. हे माझ्या आईला पैसे गेल्यावर समजले. तेव्हापासून तिची श्रद्धा पोस्टावर.

येथवर माझा प्रकल्प सुखाने चालला होता. पुढे मी एक केले, जे प्रश्नावलीत मुळात नव्हते. साठ महिन्यांच्या 'इतर', 'शिक्षण', 'औषध' आणि 'कपडे' या नोंदी घेतल्या आणि प्रत्येकीपुढे ती कोणासाठी हे लिहिले. आई कंसात नाव टाकते, त्यामुळे काम सोपे होते. सामाईक खर्च बाजूला काढला. उरलेल्यात भावाचे, माझे, आजीचे आणि वडिलांचे रकाने भरत गेले. आईच्या नावावर पाच वर्षांत मिळून ६,३४० रुपये निघाले. एकट्या भावाच्या नावावर कोणत्याही एका वर्षात याहून जास्त आहेत. माझी बेरीज मी येथे देत नाही, एवढेच सांगते की ती पाहून मी वही मिटली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये तिच्या स्वतःच्या नावाने जमा झाले. त्यापुढची खर्चाची नोंद आहे, 'पुस्तके, ड्रॉइंगचे सामान', आणि कंसात भावाचे नाव.

सरकारी पाहणीत कुटुंबाचा एकूण खर्च माणसांच्या संख्येने भागतात. आमच्या फेब्रुवारी २०२० च्या १४,१०० ला पाचाने भागले की दरडोई २,८२० येतात, आणि त्यात आईही २,८२० ची धनीण ठरते. अमर्त्य सेन यांनी १९९० च्या एका निबंधात दाखवले आहे की, कुटुंबात सहकार्य असते तसा हितसंबंधांचा झगडाही असतो, आणि जिला स्वतःचे हित वेगळे जाणवतच नाही तिच्या वाट्याला कमी येते. आमच्या घरी आईला कोणी कमी दिले नाही. मागितलेच नाही तर द्यायचे कसे, असे वडील म्हणतात, आणि ते खोटे बोलत नाहीत.

जानेवारी २०२२ मध्ये वहीत 'डोळे तपासणे, चष्मा' अशी नोंद आहे, पुढे रक्कम नाही. फेब्रुवारीत तीच नोंद, पुढे 'पुढच्या महिन्यात'. ऑगस्ट २०२४ पर्यंत ती सतरा वेळा आली आहे. मी तारखांवर खुणा केल्या, तेव्हा फॉल-पिकोच्या पानांकडे माझे लक्ष गेले. २०१९-२० मध्ये आई साडीमागे ५० रुपये मजुरी घेई आणि महिन्याला सरासरी ४८ साड्या करी. २०२३-२४ मध्ये मजुरी ७० झाली, पण साड्या २४ वर आल्या. साड्या कमी होण्याला इतर कारणेही असतील. टाळेबंदीनंतर लग्नसराई बदलली, आणि गल्लीत आणखी दोघींनी मशीन घेतले. तेव्हा सगळा दोष डोळ्यांवर टाकणे शास्त्रीय होणार नाही. पण वहीत 'गडद, परत' असा एक शेरा आहे. फॉलची वरची बाजू हाताने टाचावी लागते, आणि काळ्या वा जांभळ्या साडीवर त्याच रंगाच्या दोऱ्याचा टाका दिसत नाही, म्हणून तिने परत पाठवलेल्या या साड्या. २०२३-२४ या एका वर्षात त्या ३१ आहेत. ७० रुपयांनी २,१७० रुपये झाले. तपासणीसह चष्म्याचा खर्च १,२५० होता.

म्हणजे जी काटकसर मी कौतुकाने अभ्यासत होते, तिच्यातली एक बाब निव्वळ तोट्याची होती, आणि हिशेबात इतकी पक्की असलेल्या बाईला ती दिसली नाही. दिसली नाही असे तरी कसे म्हणू? आकडे तिनेच लिहिले होते. मी दोन पाने शेजारी ठेवून तिला दाखवली. तिने बेरीज पुन्हा केली आणि म्हणाली, "एकतीस नव्हे, तीसच. एक तिची ती घेऊन गेली होती."

सप्टेंबर २०२४ मध्ये आर. डी.ची मुदत संपली. भरलेले ३०,००० आणि व्याज धरून ३६,१५७ रुपये मिळाले. त्यातले २४,००० भावाच्या पदविकेच्या फीला गेले. १२,००० पोस्टाच्या बचत खात्यात आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही, कारण नदी जवळ आहे. १५७ चे पेढे आजीने मागवले. ऑक्टोबरपासून नवी आर. डी. सुरू झाली. दर ६.७ टक्के, हप्ता पूर्वीचाच.

चष्मा नोव्हेंबरमध्ये आला. तो कोणत्या सदराखाली लिहावा यावर आमच्या घरी थोडा वाद झाला. मी म्हटले औषध, वडील म्हणाले इतर. आईने तो 'मशीन : तेल, सुया, दोरा' या सदराखाली लिहिला आणि कंस मोकळा ठेवला. डिसेंबरमध्ये २९ साड्या झाल्या, जानेवारीत ३३. लग्नाच्या तिथी या महिन्यांत जास्त असतात, तेव्हा दोन महिन्यांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, असे सरांनी समासात लाल शाईने लिहिले आहे, आणि ते बरोबरच आहे. हा लेख देताना फेब्रुवारीचे पान अजून पुरे व्हायचे आहे.