‘ळ’पाशी अडखळणारी मुलं

गेली सहा वर्षं रविवारी सकाळी आमच्या इंदूरच्या घरी मुलं पुस्तकं वाचायला येतात. आधी पोहे-जलेबी, मग पुस्तक. वय दहा ते चौदा, घर मराठी, शाळा इंग्रजी आणि गल्ली हिंदी. लहानाचं मोठं होण्याची गोष्ट सांगणारी पुस्तकं त्यांच्याबरोबर वाचताना मला जे उमगत गेलं, ते लिहून ठेवते आहे.

१. लिपी येते म्हणजे भाषा आली, असं धरून चालू नये.

हिंदीमुळे इथल्या मुलांना देवनागरी येतेच, म्हणून आई-वडील निर्धास्त असतात. पण ‘ळ’ आला की गाडी अडते. ‘वेळ’चा ‘वेल’ होतो, ‘काळा’चा ‘काला’. त्याहून फसवे शब्द म्हणजे दोन्ही भाषांत असणारे. गोष्टीतल्या मास्तरांनी पोराला शिक्षा केली, की आमच्या मुलांना वाटतं त्याला शिकवलं. ‘राग’ म्हटलं की गाणं आठवतं. ‘श्यामची आई’ वाचताना मी सांगत होते की कर्जापायी त्या माउलीचा संसार मोडला. बारा वर्षांच्या एका मुलाने विचारलं, “मतलब, उसकी पूरी दुनिया?” त्याला दुरुस्त करायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घरावर जप्ती आलेल्या त्या बाईपुरता हिंदीतला अर्थही तितकाच खरा होता.

२. ‘यातून काय शिकलास?’ हे विचारू नये.

पहिल्या वर्षी मी दर प्रकरणानंतर हे विचारायची. एका मुलीचे डोळे वाचताना भरून आले होते. मी प्रश्न विचारताच तिने डोळे पुसले, “आईचं ऐकावं,” असं शाळेतल्या आवाजात सांगितलं आणि पुस्तक मिटलं. तिच्या मनात जे चाललं होतं ते माझ्या प्रश्नाने पळालं, याची रुखरुख मला अजून आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिलं, ते रात्री मित्रांना सांगितलेल्या आठवणींच्या रूपात. ऐकणाऱ्या त्या मित्रांची श्याम काही परीक्षा घेत नाही. आता प्रकरण संपलं की मी पाणी आणायला उठते. परत येईस्तो मुलांची आपसात जुंपलेली असते. पोहायला जात नाही म्हणून आईने श्यामला मारलं ते बरोबर का, यावर एकदा अर्धा तास वाद झाला. दोघं शेवटपर्यंत आईच्या विरोधात राहिली. मी राहू दिलं.

३. फास्टर फेणेलाही जागा हवी.

त्याचे जनक भा. रा. भागवत यांचा जन्म इंदूरचा, १९१० सालचा. हे सांगितलं की मुलांची छाती फुगते. फुरसुंगीचा हा पोरगा कितीही संकटांतून गेला तरी वयाने वाढत नाही, तिथे मजा पराक्रमाची असते. मोठं होण्याच्या गोष्टीत मात्र पहिल्या पानावरचा मुलगा शेवटच्या पानावर तोच राहत नाही. हा फरक मी सांगत नाही. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ देते.

४. दुःखाचं पान उलटून पुढे जाऊ नये.

राम पटवर्धनांनी ‘द इअर्लिंग’ मराठीत आणली ती ‘पाडस’. त्यातल्या ज्योडी या मुलाने जिवापाड वाढवलेलं हरणाचं पाडस मोठं होतं आणि घराचं पीक खाऊ लागतं. त्या घराचं पोट त्याच पिकावर असतं. अखेर ज्योडीलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते. तो भाग मी वाचला, तेव्हा समोरचा एक मुलगा उठून चपला घालून निघून गेला. पुढचे दोन रविवार आला नाही. त्याच्या आईने फोनवर जरा नाराजीनेच विचारलं, “असलं कशाला वाचता मुलांसमोर?” मी सांगितलं की त्याला शेवट ऐकायचा असेल तर मी थांबते. तिसऱ्या रविवारी तो आला, पण बसला नाही. पुस्तक मागून घेतलं आणि म्हणाला, “बाबांना वाचायला द्यायचंय.” शेवटाकडे ज्योडीचा बाप त्याच्याशी बोलतो. ती पानं बापलेकांनी मिळून वाचली की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

५. ‘शाळा’ नववीतल्या मुलांना बेधडक द्यावी.

मिलिंद बोकील यांच्या कादंबरीतल्या मुकुंदाला शिरोडकर आवडते, एवढ्यावरच काही पालक बिचकतात. भोवती आणीबाणी चालू आहे. मुकुंदाला ती अर्धीमुर्धी कळते, वाचणाऱ्याला मात्र पुरती दिसते. निवेदकापेक्षा आपल्याला जास्त कळतंय, हे मुलांना पहिल्यांदा जाणवतं तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत.

६. मुलींना काय द्यायचं, याचा विचार आधी करून ठेवावा.

“काकू, सगळ्यांत मुलगेच का?” तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं. श्याम, ‘वनवास’मधला लंपन, मुकुंदा. मोठं होण्याच्या गोष्टींतली मी दिलेली मूळ मराठीतली तिन्ही नावं मुलग्यांची होती. मग शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ काढली, ‘तोत्तोचान’ काढली. दोन्ही सुंदर, पण एक अमेरिकेतली आणि दुसरी जपानमधली. आपल्या गल्लीतली, आपल्या भाषेत वाढणारी मुलगी तिला हवी होती. खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकांत मी अजून शोधते आहे. ज्यांना लिहिता येतं त्यांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

७. शब्दाशब्दाला अर्थ सांगत बसू नये.

हे मला लंपनने शिकवलं. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ १९९४ साली आलं, पुढे ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा मुलगा बेळगावकडचा. त्याच्या मराठीत कानडी सहज मिसळलेली. मला धास्ती होती की आधीच मराठी कच्ची, त्यात हे कसं पेलणार? झालं उलटंच. “अरे, ये तो अपने जैसा बोलता है,” एकजण म्हणाला. ‘मी येऊन राहिलो’ म्हणतो म्हणून पुण्याच्या नातेवाइकांत हसं झालेलं हे पोर. दोन भाषांच्या सीमेवरचा मुलगा पुस्तकाचा नायक असू शकतो, हे त्याला प्रथमच दिसत होतं. त्या दिवसापासून तो मोठ्याने वाचायला लाजत नाही. ‘ळ’ अजून अडतो. अडला की थांबतो, जीभ वळवतो, पुढे जातो.

मागच्या रविवारी एक कानडी शब्द आला. सवयीने माझा हात मी काढून ठेवलेल्या अर्थांच्या वहीकडे गेला. तोच म्हणाला, “रहने दो ना काकू, समजतंय.” आणि वाचत राहिला.