जुनी डिझेल पिकअप गाडी : खरेदीपूर्वीची पारख

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर या तालुक्यांत संत्र्याचे व मोसंबीचे बगीचे मोठ्या प्रमाणावर आहेत. तोडलेले फळ वेळेवर कळमन्याच्या बाजारात पोचले तरच त्यास योग्य भाव मिळतो. ऐन तोडणीच्या दिवसांत भाड्याची गाडी मिळत नाही, मिळाली तर वेळेवर येत नाही, आणि आली तर भाडे दुप्पट मागते, असा अनेक बागाईतदारांचा अनुभव आहे. यामुळे स्वतःची मालवाहू गाडी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेर असल्याने आठ-दहा वर्षे वापरलेली डिझेल पिकअप घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो.

असा व्यवहार विचारपूर्वक केल्यास हितकारक ठरतो. तथापि, पारख न करता घेतलेली जुनी गाडी एका हंगामाचे संपूर्ण उत्पन्न गिळून टाकू शकते. जुन्या गाडीची खरी किंमत विकणारा सांगतो ती नव्हे. सांगितलेली किंमत, गाडी कामास योग्य करण्याचा खर्च आणि ती कायदेशीररीत्या आपल्या नावे होण्याचा खर्च, या तिन्हींची बेरीज म्हणजे गाडीची खरी किंमत होय.

गाडीची गरज आहे काय ?

प्रथम हिशेब मांडावा. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

समजा, गाडी २,५०,००० रुपयांस घेतली व आरंभी दुरुस्तीस ५०,००० रुपये लागले. पाच वर्षांनी ती १,००,००० रुपयांस विकली, तर घसारा दरवर्षी ४०,००० रुपये झाला. विमा, पासिंग व कर यांस वर्षाला ४०,००० रुपये आणि टायर, बॅटरी, तेलपालट व किरकोळ दुरुस्ती यांस ४०,००० रुपये धरले, तर गाडी दारात उभी ठेवण्याचा खर्च वर्षाला १,२०,००० रुपये होतो.

आता एका खेपेचा विचार करू. काटोलहून नागपूरला जाऊन परत येण्यास सुमारे १२० किलोमीटर प्रवास होतो. गाडी लिटरला १२ किलोमीटर चालली, तर १० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरल्यास ९०० रुपये व चालकाची मजुरी ५०० रुपये, म्हणजे एकूण १,४०० रुपये झाले. याच खेपेस भाड्याची गाडी ३,४०० रुपये घेत असेल, तर स्वतःच्या गाडीने खेपेमागे २,००० रुपये वाचतात. म्हणजे वर्षाला ६० खेपा झाल्या तरच गाडी आपला खर्च भागवील.

तीन एकर बागेतून १२ टन फळ निघाले व खेपेस एक टन माल नेला, तर केवळ १२ खेपा होतात. उरलेल्या ४८ खेपा भाजीपाला, कापूस, खते, बियाणे किंवा शेजाऱ्यांचा माल यांतून भराव्या लागतील. ही सोय नसल्यास तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून गाडी घेणे किंवा हंगामापुरते भाडे आधीच ठरवून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. भागीदारीत गाडी घेतल्यास नोंदणी कोणाच्या नावे राहील, खर्चाची वाटणी कशी होईल व तोडणीच्या दिवसांत पाळी कोणाची, हे आरंभीच लिहून ठेवावे.

कोणती गाडी निवडावी ?

गाडी नावावरून न निवडता भारावरून निवडावी. आर. सी. पुस्तिकेत गाडीचे भारासह एकूण वजन व रिकाम्या गाडीचे वजन, दोन्ही लिहिलेली असतात. या दोहोंची वजाबाकी म्हणजे गाडीने कायद्याने न्यावयाचा भार होय. २००५ साली बाजारात आलेली टाटा एस ही ७०२ सी.सी.च्या दोन सिलिंडरांची लहान गाडी आहे. भाजीपाला व दूध यांस ती पुरते. परंतु भरलेले क्रेट घेऊन रोज लांबचा पल्ला गाठण्यास बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा २०११ साली आलेली अशोक लेलँड दोस्त यांसारखी गाडी पाहावी. भारासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू गाडीस मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये परवान्याची, म्हणजे परमिटची, आवश्यकता नसते.

इंजिनाचा प्रकारही पाहावा. जुन्या पद्धतीच्या पंपाचे व नोझलचे इंजिन तालुक्याचा मिस्त्री दुरुस्त करू शकतो. कॉमन रेल पद्धतीचे इंजिन डिझेल कमी खाते; परंतु भेसळीचे किंवा पाणी मिसळलेले डिझेल गेल्यास त्याचे इंजेक्टर बिघडतात, त्यांची दुरुस्ती महाग पडते व ती शहरातच होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस.-६ मानकाच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारी अधिक नाजूक यंत्रणा असते. ज्या गाडीचे सुटे भाग व जाणता मिस्त्री जवळ मिळेल, तीच गाडी शेतकऱ्याच्या कामाची.

यंत्राची परीक्षा

गाडी पाहण्यास सकाळी जावे व इंजिन आधी सुरू करू नये असे विक्रेत्यास सांगून ठेवावे. बोनेट उघडून इंजिनास हात लावून पाहावा. ते गरम लागल्यास गाडी आधीच चालवून ठेवली आहे असे समजावे. थंड इंजिनाचे दोष गरम इंजिनात झाकले जातात. अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाणी पाहावे. पाण्यावर तेलाचा तवंग असल्यास किंवा तेलाच्या कांडीवर दुधाळ फेस दिसल्यास पाणी व तेल एकत्र होत आहे, असे निश्चित समजावे. अशी गाडी घेऊ नये. गरम इंजिनाचे हे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

नंतर इंजिन सुरू करून धुराचा रंग पाहावा.

काळा धूर : डिझेल पूर्ण जळत नाही. एअर फिल्टर तुंबणे, नोझल खराब होणे किंवा पंपाची मांडणी बिघडणे ही त्याची कारणे होत. हा दोष बहुधा दुरुस्त होण्यासारखा असतो.

निळा धूर : इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा, लाइनर किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असतात. लवकरच इंजिनाचे मोठे काम निघेल.

पांढरा धूर : थंड इंजिनात थोडा वेळ निघाल्यास फारसे भय नाही. इंजिन तापल्यावरही निघत राहिल्यास दाब कमी झाला आहे किंवा हेड गॅसकेटमधून पाणी आत जात आहे, अशी शंका घ्यावी.

इंजिन सुरू असताना तेल भरण्याचे झाकण जपून सैल करावे. तेथून जोराने धूर व वाफ बाहेर येत असल्यास रिंगा व पिस्टन झिजले आहेत.

यानंतर गाडी भार घालून चालवावी. रिकामी गाडी चढावर चांगली ओढते, म्हणून तिची परीक्षा होत नाही, आर. सी.त दिलेल्या मर्यादेत पोती भरून ती उड्डाणपुलावर किंवा चढावर न्यावी. इंजिनाचा आवाज वाढतो परंतु वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच प्लेट झिजली आहे. गिअर आपोआप सुटणे, ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाणे व स्टेअरिंगमध्ये फार खेळ असणे हे दोष टिपून ठेवावेत. नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणून शक्य असल्यास दुपारी किमान २० किलोमीटर भार घेऊन जावे व तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवावे.

शेवटी गाडीखाली वाकून चॅसिस पाहावी. पाट्यांच्या टोकाजवळ तडा, वेल्डिंग किंवा नव्या पट्ट्या आढळल्यास गाडीने मर्यादेपेक्षा अधिक भार वाहिला आहे. इंजिन नवे करता येते. वाकलेली चॅसिस पूर्ववत होत नाही. हौद्याचा तळ गंजला आहे काय, पाटे मोडले आहेत काय व टायर एका बाजूने झिजले आहेत काय, हेही पाहावे. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. पायाखालच्या पेडलची व आसनाची झीज अधिक खरे सांगते. ही सर्व परीक्षा विक्रेत्याच्या नव्हे, तर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून मजुरी देऊन करून घ्यावी.

कागदपत्रांची परीक्षा

जमीन घेताना शेतकरी सातबारावरील बोजा पाहतो, तसाच आर. सी.वरील बोजाही पाहावा. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्याशिवाय बोजा उतरत नाही. चॅसिसवर कोरलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक आर. सी.शी अक्षरशः जुळला पाहिजे.

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दर दोन वर्षांनी, व त्यानंतर दरवर्षी करावे लागते. पासिंग संपलेली गाडी वैध नोंदणीची मानली जात नाही. ते शुल्क गाडीच्या वयाबरोबर वाढते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, कराच्या पावत्या व दंडाची थकबाकी ही माहिती परिवहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पडताळून पाहावी.

मुद्रांकावर लिहून दिले म्हणजे गाडी आपली झाली, हा समज चुकीचा आहे. नमुना २९ व ३० भरून विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळविले पाहिजे. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावे करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करावा. अपघात झाल्यास नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच मालक धरला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून नाव बदलणे विकणाऱ्याच्याही तितकेच हिताचे आहे. नागपूर शहर (एमएच-३१), नागपूर ग्रामीण (एमएच-४०) व नागपूर पूर्व (एमएच-४९) यांपैकी आपले कार्यालय कोणते, हे आधी पाहावे. परराज्यातील गाडीस ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी व येथील कर लागतो. तिची स्वस्ताई त्यातच संपण्याचा संभव असतो.

इसार थोडा द्यावा व त्याची लेखी पावती घ्यावी. उरलेली रक्कम शक्यतो बँकेमार्फत व हस्तांतरणाचे कागद सादर होतेवेळी द्यावी.

एक गंभीर इशारा

कापूस वेचणीस किंवा संत्रा तोडणीस मजूर हौद्यात बसवून नेण्याची प्रथा अनेक गावांत आढळते. मालवाहू गाडीतून अशी माणसे नेणे बेकायदेशीर आहे. अपघातात ती दगावल्यास विमा कंपनी जबाबदारी नाकारू शकते व भरपाईचा सर्व बोजा गाडीमालकावर येऊ शकतो. पैशापेक्षाही, ज्या मजुरांच्या हातांवर आपली तोडणी चालते त्यांचा जीव मोलाचा आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणाने समजत नाही. हंगामापूर्वी गावात एखाद्या सकाळी शेतकऱ्यांना एकत्र करावे. गावातीलच एक जुनी गाडी व एक जाणता मिस्त्री बोलावून थंड इंजिन, धूर, तेलाची कांडी व चॅसिस यांचे प्रात्यक्षिक दाखवावे. त्याच वेळी फळ्यावर खेपांचा हिशेब मांडावा व एका आर. सी. पुस्तिकेचे वाचन करावे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. आधी खेपा मोजाव्यात, मग गाडी पाहावी.
२. जवळच्या रकमेचे तीन भाग करावेत. दोन भाग किमतीस व एक भाग दुरुस्ती आणि कागदपत्रांसाठी राखावा.
३. इंजिन थंड असताना व गाडी भरलेली असताना परीक्षा करावी.
४. दुरुस्त होणारा दोष किमतीतून वजा करावा. चॅसिसचा व कागदांचा दोष असल्यास गाडी सोडून द्यावी.
५. नाव व विमा बदलेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नये.

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो व औताला जुंपून चालवून पाहतो. नुसत्या तुकतुकीत कातडीवर तो भुलत नाही. जुनी गाडी घेतानाही हीच सावधगिरी बाळगावी. नवा रंग दिलेली गाडी आठवडाभर डोळ्यांना सुखावते. तोडणीच्या दिवशी भरल्या मालासह बाजारात पोचणारी गाडी मात्र घरास आधार देते.