क्लिक म्हणजे सही : क्लिकजॅकिंग ओळखा

चिखली, तळवडे, भोसरी भागातील आपले व्यापारी व कारागीर बांधव आता भाव, ऑर्डर आणि देवघेव मोबाईलवरच करतात. सोय मोठी आहे. पण तिच्यासोबत आलेली एक फसवणूक समजून घेणे जरुरीचे आहे. तिचे नाव क्लिकजॅकिंग. जेरेमाया ग्रॉसमन व रॉबर्ट हॅन्सन या संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी २००८ साली हे नाव रूढ केले.

आम्ही कापडवाले कार्बन लावून बिल फाडतो. समजा, कोणी माल मिळाल्याच्या पावतीवर सही घेतली आणि कार्बनखाली कर्जाचा कागद ठेवला, तर? सही आपली, मर्जी मात्र आपली नव्हे. येथेही तेच घडते. पडद्यावर दिसते ‘भावपत्रक पाहा’ हे बटण. त्यावर दुसरे पान पारदर्शक काचेसारखे अंथरलेले असते. बोट पडते त्या न दिसणाऱ्या पानावरील ‘मंजूर’वर. त्या खात्यात आपण आधीच लॉग-इन असलो, तर हुकूम आपल्याच नावाने जातो.

एवढ्याने बँकेतील रक्कम सहसा निघत नाही. ओटीपी किंवा पिन लागतो. पण खात्याची सेटिंग बदलणे, कॅमेऱ्याला किंवा बनावट अ‍ॅपला परवानगी देणे एका क्लिकवर होऊ शकते. पुढची चोरी मग सोपी होते.

खबरदारी अशी घ्यावी :

१. काम संपताच बँकेच्या व व्यापाराच्या खात्यातून लॉग-आउट करावे.

२. बक्षीस, सवलत यांच्या अनोळखी लिंक उघडू नयेत. बँकेचा पत्ता स्वतः टाईप करावा.

३. ब्राउझर व मोबाईल अद्ययावत ठेवावेत.

४. ‘इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची’ परवानगी कोणत्या अ‍ॅप्सना आहे ते सेटिंगमध्ये पाहून अनावश्यक ती बंद करावी.

५. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. कोणी मागितला तर व्यवहार तेथेच थांबवावा.

६. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसू नये. ताबडतोब बँकेला कळवावे आणि १९३० वर तक्रार नोंदवावी.

ज्यांची स्वतःची वेबसाईट आहे, त्यांनी ती दुसऱ्याच्या पानात फ्रेम करून दाखवता येणार नाही, अशी तजवीज बनवणाऱ्याकडून करून घ्यावी. गिऱ्हाईकाची हिफाजत हीदेखील दुकानदाराची अमानत आहे.

सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीने तिजारतीसाठी परस्परांची राजीखुशी आवश्यक ठरवली आहे. क्लिकजॅकिंग नेमकी तीच चोरते. म्हणून कोऱ्या कागदावर सही करताना जसे आपण थांबतो, तसेच बटण दाबण्यापूर्वी थांबावे.